पुढच्या चाकांचा पाठिंबा

“दीड?” चेअरमन खुर्चीत ताठ झाले. “दीड म्हंजे काय गं? आमी काय दीडशाणे दिसतोय तुला?”

पंधरा जणांचं मंडळ खो खो हसलं. चेअरमन हसले की मंडळ हसायचं आणि चेअरमन चिडले तरी मंडळ हसायचं, कारण खरंच चिडलेत की गंमत करतायत हे कळायला वेळ लागायचा, आणि तोवर उगाच जोखीम कोण घेतंय.

“अण्णा, नावच तसं आहे त्याचं,” मी म्हटलं. “डिफरन्शिअल तीन तऱ्हेचं मिळतं. वन-वे, दीड-वे आणि टू-वे. आपण मागं दीड-वे बसवू, पुढं कंपनीचं आहे तेच राहू दे, आणि पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारं मधलं जरा सैल ठेवू.”

“दोन मिळत असताना दीड कशापायी? गावात हसं करून घ्याचंय व्हय? म्हणतील, मंडळाला आर्धं परवडलं न्हाई!”

आमचं मंडळ मुळात बैलगाडी शर्यतीचं. गाव कृष्णाकाठचं, उसाचं. बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि मंडळाकडं ढाली राहिल्या, फेटे राहिले, हापिस राहिलं, बँकेत पैसा राहिला, फक्त पळवायला काही राहिलं नाही. दोन वर्षं सगळे नुसते हापिसात बसून एकमेकांना पाण्यात बघत होते. मग कुणीतरी पुण्यातून बातमी आणली की एक जपानी मोटार विकायची आहे, चारी चाकांना जोर, घाटातल्या स्पर्धेत वाऱ्यासारखी पळते. चेअरमन बाबगोंडा पाटलांनी विचारलं, “बंदी न्हाई न्हवं तिच्यावर?” नाही म्हटल्यावर आठवड्यात गाडी गावात. तिलाही बैलासारखंच ओवाळून घेतलं होतं.

चालवणार कोण, हा प्रश्न माळावर सुटला. गावातली सगळी तरणी पोरं एकेक करून बसली. कुणी बांध ओलांडला, कुणी बाभळीला सलामी दिली. मी वडिलांच्या जीपमधून दुधाचे कॅन घालत मोठी झालेली. माझी फेरी सगळ्यांच्या आधी संपली आणि बाभूळही जाग्यावर राहिली. तेव्हा चेअरमननी भर मंडळात सांगितलं होतं, “घाटातल्या स्पर्धेत पयल्या तिनात आलीस, तर गाडी कायमची तुझ्या हातात, त्रिशला. न्हाईतर आपला सुयोग हायच. आणि तुझ्या आप्पालाबी मग स्थळं बघायला घेऊ दे.”

सुयोग म्हणजे त्यांचा मुलगा, मंडळाचा सभासदही. मला ती गाडी पाहिजे होती. आयुष्यात दुसरं काही मी एवढ्या हावरटपणानं मागितलं नाही, आणि ते सांगायची मला आजही लाज वाटत नाही.

तर मी पुन्हा समजवायला घेतलं. “अण्णा, मळणीचं खळं आठवा. बैल गोल फिरतात. आतल्याला थोडं चालावं लागतं, बाहेरच्याला जास्त. दोघांना सारखंच चालायला लावलं तर फिरतील का? वळणावर चाकांचं तेच होतं. एकानं कमी फिरायचं, एकानं जास्त. ती मुभा डिफरन्शिअल देतं. मुभा फार दिली तर एक चाक नुसतंच गरगरतं आणि जोर वाया जातो, म्हणून ते थोडं आवळायचं. पण टू-वे दोन्हीकडनं आवळतं. गॅस दिला तरी आणि सोडला तरी. दीड-वे गॅस सोडल्यावर निम्मंच आवळतं. पुढं टू-वे घातलं तर गाडी वळायचीच नाही.”

“म्हंजे आतल्या बैलानं काम चुकवायचं आन् आपुन त्याला मुभा द्याची,” चेअरमन म्हणाले. “ह्ये काय पटत न्हाई बा.”

तेवढ्यात वरच्या गल्लीचे कुबेरमामा चौगुले उठले. “माझा येगळाच मुद्दा हाय. मागच्या चाकांना नवं, आन् पुढच्यांना कंपनीचं जुनं? गाडीचं तोंड कुठल्या बाजूला हाय? पुढं! मग हा अन्याव कशासाठी?”

आता हे वाचणाऱ्याला कळायचं नाही. आमच्या गावात सोसायटी असो, तालीम असो, नाहीतर गणपती, वरची गल्ली आणि खालची गल्ली असे दोन गट. गाडी आली तेव्हा उद्घाटनाला नारळ कुणी फोडायचा यावर इतकं पेटलं की शेवटी दोन नारळ आणले. पुढच्या चाकांवर वरच्या गल्लीनं फोडला, मागच्यांवर खालच्या गल्लीनं. तेव्हापासून पुढची चाकं कुबेरमामांची आणि मागची सुकुमारदादा अकिवाट्यांची.

सुकुमारदादाही उठले. “जोर मागनं येतोय म्हणून मागं नवं. त्यात रडायचं काय?”

“कोण रडतंय?”

“बसा,” चेअरमननी हात वर केला. त्यांचा चेहरा एकदम समाधानी झाला. भांडण मिटवायची संधी आली की त्यांना भूक लागल्यासारखं व्हायचं. “तिन्ही टू-वे. पुढचं कुबेरच्या हस्ते, मागचं सुकुमारच्या हस्ते, मधलं आपल्याकडं. कुणाला जास्त न्हाई, कुणाला कमी न्हाई. ठराव बिनविरोध.”

पंधरा हात वर झाले... चौदा म्हणा, माझा सोडून. पण ड्रायव्हर म्हणून नव्यानंच सभासद झालेल्या माझ्या हाताकडं कुणी पाहिलंच नाही. आप्पांचाही हात वर होता. आप्पा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम, दूध सोसायटीचे सेक्रेटरी. आणि दूध सोसायटीचे चेअरमनही बाबगोंडा पाटीलच. मी आप्पांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

“आन् ड्रायव्हरचाबी मान राखायचा,” चेअरमन उठता उठता म्हणाले. “शिटाच्या कव्हरचा रंग त्रिशला ठरवंल.”

तिन्ही डिफरन्शिअल आली. हळदकुंकू लागलं, फोटो निघाले. मिरजेच्या मुजावर मिस्त्रींनी ती बसवली. मी त्यांना विचारलं, “चाचा, तुम्ही तरी बोलायचं होतं की.”

“मी काय सभासद हाय?” ते म्हणाले आणि पान लावत बसले.

माळावर चाचणी झाली. सरळ रेषेत गाडी अशी सुटली की फेटे उडाले. मग वळण आलं. मी स्टेअरिंग पुरतं फिरवलं, गॅस सोडला, ब्रेक लावला, देवाचं नाव घेतलं. गाडी नाकासमोर गेली ती थेट जिनगोंडा काकांच्या शाळूत. शाळू फुलोऱ्यात आला होता. खाली उतरले तर केसांत कणसं.

“माळ कमी पडला,” चेअरमन म्हणाले.

“पोरीच्या मनगटात जोर न्हाई,” कुबेरमामा म्हणाले. सुकुमारदादांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच दोन गट एका गोष्टीवर एक झाले होते, आणि ती गोष्ट माझं मनगट.

मी घरी जाऊन जेवले नाही. आई म्हणाली, “अगं, स्पर्धा म्हंजे काय जीव हाय का?” मी म्हटलं, “हो, आहे.” आप्पा खाली मान घालून जेवत राहिले. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की भाकरी त्यांच्या ताटात वाढली नाही, आपटली.

सकाळी मी मिरजेला गेले. शाळूतून ओढून काढलेली आमची गाडी रात्रीच तिथं पोचली होती, आणि मुजावरचाचा तिच्याखाली होते. “चाचा, पुढचं जुनं परत बसवलं तर?”

“निम्म्याच्या वर काम होईल. मागचं टू-वे कसंबसं सांभाळशील तू. पण गिअरबॉक्स उतरवाय लागतंय. आन् ठराव झालाय. ठराव झाल्याला मी हात लावत न्हाई बाई.”

ठराव फिरवणं मला शक्य नव्हतं. आमच्या मंडळात ठराव फिरवायचा म्हणजे चेअरमननी चूक केली म्हणायचं, आणि ते म्हणायला गावात माणूस जन्माला आला नव्हता. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून हेच घोळवत होते. ठराव फिरत नसेल, पण आमच्याकडं आणखी एक गोष्ट होते. ती तर दर वर्षी होते. पाठिंबा निघतो.

मी स्टँडवरून घरी न जाता वरच्या गल्लीत गेले. कुबेरमामा कट्ट्यावर बसले होते.

“मामा, एक बोलू? राग मानू नका.”

“बोल की, आक्का.”

“खालच्या गल्लीत बोलतायत. म्हणे गाडी मागनंच ढकलली जाते. पुढची चाकं नुसती मान डोलवायला.”

कुबेरमामांच्या हातातला चहा बशीत सांडला. “कोण म्हणालं?”

“नाव कसं घेऊ? पण शाळूत गाडी गेली ना, तेव्हाही म्हणाले, पुढच्यांचं काही चालत नाही, मागचे नेतील तिकडं जायचं. मला तर बाई वाईट वाटलं. तुमचं एवढं महागाचं डिफरन्शिअल, आणि नाव कुणाचं होणार?”

खरं सांगते, यातलं अर्धं कुणी बोललं नव्हतं. पण खालच्या गल्लीत ते कुणाच्या मनात नव्हतं, असंही शपथेवर सांगता येणार नाही. मामांना मी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि शिडी काढून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या गल्लीतली आठ माणसं मिरजेत मुजावरचाचांच्या दारात. “आमचं डिफरन्शिअल काढून द्या. आमी पाठिंबा काढला.” चाचांनी डोक्याला हात लावला, पण काढून दिलं, कारण पाठिंबा काढायला ठराव लागत नाही. मामांनी ते पोत्यात घालून गावात आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवलं. मामी रोज त्याला फूल वाहायची. बाईला वाटलं होतं, एवढा मोठा मान म्हणजे कुणीतरी देवच असणार.

चेअरमन हादरले. स्पर्धा तोंडावर आलेली. “आता पुढची चाकं बिनमालकाची?” ते हापिसात येरझाऱ्या घालत होते. मुजावरचाचा फोनवर म्हणाले, “मोकळं ठेवता येत न्हाई, सायेब. कंपनीचं जुनं पडलंय हितंच. बसवू का?”

“बसव. पण हंगामी म्हणून. कायम न्हाई.”

अशा रीतीनं मला पाहिजे ते डिफरन्शिअल हंगामी तत्त्वावर नोकरीला लागलं.

घाटात सकाळी दव पडलं होतं. रस्त्याकडेला माणसं कठड्यावर बसलेली. पहिलं वळण उजवीकडं, एकदम आखूड. मी ब्रेक लावला, स्टेअरिंग वळवलं आणि श्वास धरला. गाडीचं नाक वळलं. अगदी आज्ञाधारकपणे वळलं. मागनं टू-वेनं थोडा दंगा केला, शेपूट बाहेर फेकली, पण ते मला चालण्यासारखं होतं. मी गॅस दिला आणि ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वरपर्यंत मी एकटीच आतमध्ये हसत होते, बोलत होते, गाडीला “ये गं माझी बाय, ये” म्हणत होते. वर पोचले तेव्हा तोंड दुखत होतं हसून.

तिसरी आले. पुढं दोघं होते ते कोइमतूरचे, जन्मापासून ह्याच धंद्यात.

गावात गुलाल उधळला. चेअरमननी मला फेटा बांधला. सुकुमारदादा सगळ्यांना सांगत होते, “बघितलं? मागचं आमचं, म्हणून.” कुबेरमामा सांगत होते, “बघितलं? आमी बाजूला झालो, म्हणून.” आणि दोघांचंही, विचार केला तर, बरोबरच होतं.

मग मंडळाची सभा लागली. सत्कार, शाल, नारळ. टाळ्या थांबल्यावर चेअरमननी घसा साफ केला.

“आता गाडी लायनीला लागली. तवा पुढच्या हंगामासाठी ड्रायव्हर म्हणून चिरंजीव सुयोग ह्येची निवड करावी, असं मंडळाच्या मनात हाय.”

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. शाल अजून खांद्यावर होती.

“अण्णा, तुम्ही शब्द दिला होता. पहिल्या तिनात आले तर गाडी माझ्या हातात.”

“दिलता की. न्हाई कुठं म्हणतोय?” ते अगदी प्रेमानं म्हणाले. “पण शब्द दिला, ठराव कुठं केलता? आन् आता तुझं वय बघ. उद्या लगीन हुईल, सासरी जाशील. गाडी काय सासरी धाडायची तुझ्यासंगं?”

मंडळ हसलं.

“तर ठराव बिनविरोध...”

“माझा विरोध आहे,” मी म्हटलं.

हसणं बंद झालं. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी टेबलावर चढून उभी राहिलेय. हा शब्द त्या खोलीत पूर्वी कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. चेअरमनही क्षणभर गोंधळले, पण माणूस मुरलेला.

“विरोधाला अनुमोदक लागतो, पोरी. अनुमोदक न्हाई तर विरोध न्हाई. हाय कोण?”

असा नियम कुठं लिहिलेला होता देव जाणे. त्यांनी तो तिथल्या तिथं तयार केला. सुकुमारदादा चपला शोधत होते. कुबेरमामा मिशी पिळत होते. मी कुणाकडंच बघितलं नाही, मला रडू येत होतं आणि या माणसांपुढं रडायचं नव्हतं.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“माझं अनुमोदन हाय,” आप्पा म्हणाले.

चेअरमन हळूच म्हणाले, “भूपाल, इचार करून बोल. सोमवारी सोसायटीत भेटायचंय आपल्याला.”

“इचार केलाय, अण्णा. पोरीनं घाटात गाडी वळवली. मी कठड्याव बसून बघितलं. तुमच्यातल्या कुणी बघितलं का? तुमी समदे खाली मंडपात जेवत व्हता.” आप्पांनी खुर्ची पुढं ओढली. “भेटू सोमवारी.”

ते बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. मी शालीनं तोंड पुसलं.

मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा चिठ्ठ्या पडल्या. डबा नव्हता म्हणून चेअरमनच्या फेट्यात टाकल्या. सुयोग आठ, त्रिशला सात. एका मतानं गेले. चेअरमननी मला पुन्हा एक नारळ दिला, का ते त्यांनाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी माणसं यायला लागली. एकेक, मागच्या दारानं. पहिले सुकुमारदादा. “आक्का, कुणाला बोलू नको. माझं मत तुलाच.” मग कुबेरमामा, तेही शपथ घेऊन. मग तालमीचा वस्ताद, मग जिनगोंडा काका, ज्यांचा शाळू मी मारला होता. आई चहा करून करून दमली. रविवारपर्यंत अकरा जण येऊन गेले. आम्ही बापलेक धरून तेरा झाले, आणि मतं मिळाली होती सात.

सोमवारी आप्पा सोसायटीत गेले आणि नोकरी शाबूत घेऊन परत आले, कारण हिशेब फक्त त्यांनाच कळत होता. संध्याकाळी मागच्या दारात सुयोग उभा.

“ये. तुझंही मत मलाच का?” मी टोमणा मारला.

“व्हय,” तो म्हणाला, आणि खाली बघायला लागला.

मी आणि आप्पांनी एकमेकांकडं बघितलं. मंडळ पंधराचं. चौदा मतं माझी. म्हणजे ती आठच्या आठ एकट्या चेअरमननीच टाकली असणार.

“त्रिशला, मला घाटात वांती होती,” सुयोग म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “ल्हानपणापास्नं. आंबोलीच्या सहलीला मी वर्गशिक्षकांच्या अंगावर... बाबांना सांगायची सोय न्हाई. पुढच्या म्हयन्यात स्पर्धा हाय. मी मरतोय गं.”

“मग?”

“फॉर्मवर दोन नावं चालत्यात. ड्रायव्हर मी, राखीव तू. स्पर्धेच्या दिशी माझं पोट बिघडंल. दर टायमाला बिघडंल.”

आमच्या गावात त्या वेळी महिला सरपंच होत्या. फलकावर त्यांचं नाव आणि खुर्चीत त्यांचे यजमान. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तेव्हा फलकावर सुयोग आणि खुर्चीत मी, यातही कुणाला काही वाटलं नाही. चेअरमन तर सांगत फिरायचे, पोराचं पोट जरा नाजूक आहे, पण ड्रायव्हर एक नंबर. मी सहा वर्षं चालवली. लग्न झाल्यावरही चालवली. ढाली मिळाल्या, त्या हापिसात सुयोगच्या नावानं लागल्या आहेत. त्यानं बिचाऱ्यानं दर वेळी मला पेढे आणून दिले.

पण मला सारखी आठवते ती पहिली स्पर्धा, सुयोगचं पोट पहिल्यांदा बिघडलं ती. मी पट्टा आवळून सुटायच्या रेषेवर उभी. लाउडस्पीकरवरचा माणूस फॉर्मवरचं फक्त पहिलं नाव वाचायचा. “आता येत आहेत, सुयोग बाबगोंडा पाटील!” सगळा घाट ओरडला, “सुयोग! सुयोग!” आमचं मंडळही ओरडलं, फेटे उडवले. आणि पहिल्या वळणाच्या कठड्यावर, धोतर खोचून उभे राहिलेले आप्पा, जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस, घशाच्या शिरा ताणून एकटेच बोंबलत होते, “त्रिशला! माझी त्रिशला हाय ती!”